खुंटी आधी तुटते

कीचेनचे जे सिलिकॉनचे साचे बाजारात मिळतात, त्यांत प्रत्येक खळग्याच्या एका टोकाला बारीकशी खुंटी उभी असते, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. रेझिन तिच्याभोवती भरतं, तुकडा घट्ट होऊन निघाला की खुंटीच्या जागी भोक राहतं आणि त्या भोकात कडी अडकते. माझ्या भाचीनं घरच्या घरी रेझिनचं काम सुरू केलं ते कीचेननं. मग कोस्टर आले, नेमप्लेट आल्या, आणि आता लग्नातल्या वरमालांची सुकवलेली फुलं रेझिनमध्ये जपून द्यायच्या ऑर्डरी असतात. सुरुवातीच्या दोन महिन्यांत तिच्या सहापैकी चार साच्यांतल्या खुंट्या तुटल्या. "मामा, माल हलका लागला," असं तिचं निदान होतं. मी साचे हातात घेऊन ताणून, वाकवून पाहिले. माल ठीक होता. साचे घाईनं गेले होते.

खुंटीच आधी का तुटते? खळग्याच्या तळाला रेझिन एकाच बाजूनं टेकलेलं असतं, खुंटीला ते चहूबाजूंनी वेढून असतं. घट्ट होताना रेझिन किंचित आकसतं, आणि आकसताना खुंटीला आवळतं. तुकडा काढताना तळाचं सिलिकॉन सालासारखं सुटत जातं, खुंटी मात्र अख्खी भोकातून ओढून काढावी लागते. रेझिनमधली रसायनं सिलिकॉनमध्ये थोडी थोडी मुरतात. जाड भिंतीला त्याचं काही वाटत नाही, पण दीड-दोन मिलिमीटरची खुंटी आरपार मुरते. साच्याला जे जे त्रास होतात ते सगळे खुंटीला आधी होतात. म्हणून एखादा साचा किती दमला आहे हे पाहायचं असेल तर मी तळ पाहत नाही, खुंटी बोटानं हलवून पाहतो. ती पहिल्यासारखी लवचिक असेल तर साचा तरुण आहे. कडक लागली, बुडाशी पांढुरकी रेघ दिसली, की दिवस भरत आले.

सिलिकॉनला काही चिकटत नाही, या एका गुणावर हा सगळा छंद उभा आहे. सिलिकॉन हे नाव इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलं. त्यांनी या पदार्थांवर जवळपास चार दशकं काम केलं आणि १९३७ साली छापून आलेल्या रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात या शाखेतून लवकर काही मोठं हाती लागेल अशी आशा नाही, असं सांगून टाकलं. तीनच वर्षांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या युजीन रोचो यांनी सिलिकॉनचा कच्चा माल स्वस्तात बनवायची पद्धत शोधली. १९६९च्या जुलैत चंद्रावर जे बूट उतरले त्यांचे तळवे सिलिकॉन रबराचे होते. म्हणजे चंद्राच्या धुळीतला तो प्रसिद्ध ठसाही सिलिकॉनच्याच साच्यानं उमटलेला. किपिंगसाहेब ते पाहायला नव्हते.

गंमत आहे ती रेणूच्या बांधणीत. साध्या रबराचा कणा कार्बनचा असतो. सिलिकॉन रबराचा कणा सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीनं गुंफलेल्या साखळीचा, थोडक्यात वाळूच्या जातीचा. त्याला दोन्ही अंगांनी मिथाइल नावाचे छोटे गट लटकलेले असतात आणि पृष्ठभागावर बाहेर तोंड करून तेच बसतात. हे मिथाइल गट कोणाशी फारसे बोलत नाहीत. पाण्याचा पृष्ठताण ७२ मानला, तर सिलिकॉनच्या पृष्ठभागाची ऊर्जा त्याच एककात २०-२१च्या घरात येते. टेफ्लॉनच्या जवळपासच. त्यामुळे द्रव रेझिन साच्याला भिजवायला नाखूश असतं आणि घट्ट झाल्यावर सोडायला राजी.

मग दहाव्या-पंधराव्या वेळी ते चिकटायला का लागतं? सिलिकॉनच्या जाळ्यात काही साखळ्या कुठेच न बांधलेल्या, सुट्या असतात. त्यांना सिलिकॉन तेल म्हणतात. हे तेल हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि साच्याला निसरडा ठेवतं. प्रत्येक ओतण्यात रेझिन त्यातलं थोडं घेऊन जातं. त्याच वेळी रेझिनमधले लहान रेणू, विशेषतः ते घट्ट व्हावं म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरमधले अमाइन, जाळ्याच्या आत शिरतात आणि तिथेच घट्ट होतात. रोपाची मुळं कुंडीच्या भेगेत शिरावीत तसं. काढताना मुळं तुटतात, काही आतच राहतात. आधी चकाकी जाते, मग पृष्ठभाग कडक होतो, मग तुकड्याबरोबर सिलिकॉनचे पापुद्रे यायला लागतात.

हा हल्ला सगळी रेझिन सारख्या जोरानं करत नाहीत. दागिने आणि कोस्टरसाठी आपण वापरतो ते इपॉक्सी त्यातल्या त्यात सभ्य. मॉडेल आणि बाहुल्या ओतणारे पॉलियुरेथेन वापरतात. ते झटपट घट्ट होतं आणि साचाही झटपट खातं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते सिलिकॉनमध्ये सहज शिरतं. अतिनील दिव्याखाली दोन-चार मिनिटांत घट्ट होणारं यूव्ही रेझिन सोयीचं असलं तरी साच्याच्या चकाकीला फार निष्ठुर असतं. चकाकणारा साचा हौसेनं घेतला असेल तर त्यात यूव्ही रेझिन ओतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी एखादा जुना, पारदर्शक साचा वेगळा ठेवावा.

साच्यांच्याही दोन जाती आहेत. एका जातीचं सिलिकॉन टिनच्या संयुगानं घट्ट केलेलं असतं, दुसऱ्या जातीचं प्लॅटिनमच्या. टिनवाल्यात घट्ट होताना अल्कोहोल सुटतं, म्हणून ते नंतरही किंचित आकसत राहतं. शिवाय ती क्रिया पुरती थांबत नाही, त्यामुळे कपाटात नुसता ठेवलेला टिनवाला साचाही काही वर्षांत ठिसूळ होतो. प्लॅटिनमवाला महाग, पण वापरला नाही तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. तयार मिळणारे दुधी-पारदर्शक साचे बहुतेक प्लॅटिनमवाले असतात. घरी साचा बनवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: प्लॅटिनमवाल्याला गंधकाचं वावडं आहे. लेटेक्सचे हातमोजे घालून ढवळलंत तर ते जागोजागी चिकट राहतं, कधीच बसत नाही. नायट्राइलचे मोजे घ्यावेत. कारण कळेपर्यंत एक अख्खा किलो टाकून द्यावा लागतो, हे मी ऐकीव सांगत नाही.

आता घाईबद्दल. भाचीच्या भाषेत एकदा साचे भरून काढले की एक घाणा झाला. "आज दोन घाणे काढले," असं ती भज्यांच्या गाडीवाल्यासारखी सांगते. दोन घाण्यांसाठी एकेका घाण्याला बारा तास मिळतात, आणि इथेच खुंट्या गेल्या. तिचा हिशोब असा की कोस्टर मोठं, त्याला चोवीस तास. कीचेन एवढंसं, ते लवकर होणारच. इपॉक्सीच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. रेझिन आणि हार्डनर एकमेकांशी बांधले जाताना उष्णता सुटते आणि ती उष्णताच पुढची क्रिया पळवते. जाड थरात ती कोंडून राहते. कीचेनसारख्या पातळ तुकड्यात ती सहज निसटून जाते, म्हणून पातळ तुकडा सावकाश घट्ट होतो. बारा तासांनी वरून बोट लावलं तर टणक लागतं, आत खुंटीभोवती मात्र ते अजून लेचंपेचं असतं. अर्धवट रेझिन खुंटीला गोंदासारखं धरून ठेवतं आणि ओढलं की खुंटीच घेऊन येतं.

पातळ तुकड्याला पूर्ण चोवीस तास द्यावेत, थंडीत त्याहून जास्त. अंदाजासाठी मी पेल्यात उरलेलं रेझिन प्लॅस्टिकच्या झाकणावर कीचेनइतकंच पातळ सांडून ठेवतो. त्यात नख रुतलं तर साच्याला हात लावायचा नाही. पुरं घट्ट झाल्यावर तुकडा आठवडाभर साच्यात पडू देणंही बरं नाही. मुळं धरायला जितका वेळ द्याल तितकी ती धरतात.

काढायची रीतही शिकावी लागते. नवखा माणूस तुकडा धरून ओढतो. ओढायचा तो साचा. आधी कडेनं चारी बाजू अंगठ्यांनी मोकळ्या करायच्या, हवा आत शिरू द्यायची, मग साचा पालथा करून मागून हलकेच ढकलत तुकड्यावरून सोलत न्यायचा. खुंटीपाशी सरळ वर. वाकडं ओढलं की तिच्या बुडाशी चीर पडते. सिलिकॉन अखंड असतं तोवर दुप्पट ताणलं तरी परत येतं, पण एकदा कुठे खाच पडली की कापड फाटावं तसं तिथून फाटत जातं. म्हणून सुरी, सुई, दाभण, नेलकटरची पट्टी यांतलं काहीही साच्याजवळ येता कामा नये. तुकडा अगदीच हटून बसला तर साचा दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावा. थंड रेझिन आकसून कडक होतं, सिलिकॉन मऊच राहतं, आणि दोघांची ताटातूट होते. त्या फ्रीझरमध्ये खाण्याचं काही उघडं असू नये, एवढं घरच्यांचं म्हणणं मान्य करावं. फ्रीझर नको असेल तर कडेनं कोमट साबणपाण्याचे दोन थेंब सोडले तरी काम होतं.

दुसरा शत्रू उष्णता. सिलिकॉन स्वतः २०० अंशांपर्यंत सोसतं, त्यामुळे लोकांना वाटतं की रेझिनची उष्णता ती काय. पण तापलेल्या रेझिनचे रेणू सिलिकॉनमध्ये जास्त खोल शिरतात. खोल साचा एकदम काठोकाठ भरला तर आत सहज हाताला चटका बसेल इतकं तापमान चढतं. डब्यावर लिहिलेली वेळ साधारण २५ अंशांच्या खोलीसाठी असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. रत्नागिरीच्या डिसेंबरात जो साचा एका दमात भरता येईल, तोच नागपूरच्या मे महिन्यात दोन-तीन थरांत, तोही पहाटे भरावा. बुडबुडे घालवायला वापरतात तो ब्युटेनचा छोटा टॉर्च तर साच्याचा उघड वैरी आहे. ज्योत रेझिनवरून सर्रकन फिरली तर ठीक. काठावर क्षणभर रेंगाळली की तिथलं सिलिकॉन करपून खरखरीत होतं आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तो खरखरीतपणा उमटतो. बुडबुड्यांसाठी रेझिनची बाटली ओतण्याआधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावी. पातळ झालेल्या रेझिनमधून बुडबुडे आपले आप वर येतात.

प्रमाण चुकणं हेही साच्याच्याच अंगावर येतं. दोनास एक, तीनास एक, जे काही डब्यावर असेल ते काट्यावर मोजून घ्यावं आणि ते वजनाचं की मापाचं हेही वाचावं. जास्त हार्डनर घातलं की लवकर सुकतं, हा समज पॉलिएस्टरवाल्यांकडून आलेला आहे. तिथे ते थोडंफार खरंही आहे, कारण तिथला दुसरा द्रव क्रिया सुरू करणारा असतो. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा भागीदार आहे. जास्त झाला तर उरलेला अमाइन कोणाशीच बांधला जात नाही आणि सिलिकॉनमध्ये शिरत बसतो. तसंच पेल्याच्या कडेला लागलेलं रेझिन खरवडून साच्यात ओतू नये. ते नीट मिसळलेलं नसतं. काटकसरीचा हात आवरत नाही, हे मला समजतं. पण त्या चमचाभर रेझिनपायी साच्यात चिकट डाग राहतो.

असा चिकट डाग राहिलाच तर बहुतेक जण थिनरच्या बाटलीकडे धावतात. हार्वर्डमधल्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेनं २००३ साली वेगवेगळ्या द्रावकांत सिलिकॉन किती फुगतं ते मोजलं होतं. टोल्युइनमध्ये लांबी ३१ टक्क्यांनी वाढली, हेक्झेनमध्ये ३५, क्लोरोफॉर्ममध्ये ३९. इथेनॉलमध्ये फक्त ४ टक्के, अॅसिटोनमध्ये ६, पाण्यात शून्य. रंगाच्या दुकानातल्या थिनरमध्ये बहुधा टोल्युइन किंवा तिचे भाऊबंद असतात. पेट्रोल आणि रॉकेल हेक्झेनच्या कुळातले. त्यांत साचा फुगतो, सुटं तेल धुऊन जातं, आणि द्रावक उडून गेल्यावर साचा परत आकसतो तो आधीपेक्षा कोरडा होऊन. डाग कदाचित निघतो, पण त्यापायी साच्याचे दहा घाणे खर्ची पडतात.

इथे काट्यानंच काटा काढायचा. चिकट साच्यात नीट मोजलेलं, नीट ढवळलेलं ताजं रेझिन ओतायचं, रंग कुठला का असेना. जुनं अर्धवट रेझिन नव्याला बांधलं जातं आणि पूर्ण घट्ट झाल्यावर दोन्ही एकत्र निघून येतात. आतल्या चमकीचं, अभ्रकाच्या पुडीचं, अल्कोहोल इंकच्या डागांचंही तेच. पांढरं कोस्टर काढायच्या आधी निळ्या शाईचा साचा असा एकदा उरलेल्या रेझिननं निपटून घेतला नाही, तर पांढऱ्यावर निळसर झाक आलीच म्हणून समजा.

यावरून माझं जरा लोकांना न पटणारं मत सांगतो: साचे फार धुऊ नयेत. पुरतं घट्ट झालेलं रेझिन निघताना धूळ, केस, चमकी स्वतःबरोबर घेऊन जातं; प्रत्येक तुकडा साच्याला झाडून जातो. उरलीसुरली धूळ चिकटपट्टीनं टिपावी, तिची चिकट बाजू हलकेच दाबून उचलावी. एवढं बहुतेक वेळा पुरतं. तुपाच्या बोटांनी हाताळला गेला, तुकडा सुटावा म्हणून मारतात त्या रिलीज स्प्रेचे थर बसले, किंवा महिनाभर उघडा पडला, तरच धुवावा. कोमट पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब, आणि फक्त बोटं. भांडी घासायच्या वडीला हात लावू नये. तिच्यात घासायला म्हणून खडूच्या जातीची दगडी पूड असते. तारेची घासणी, नारळाची शेंडी, जुना टूथब्रश यांचीही गरज नाही. सिलिकॉन पृष्ठभागाची इतकी बारीक नक्कल करतं की मास्टरवर, म्हणजे ज्या मूळ वस्तूवरून साचा घेतात तिच्यावर, उमटलेला बोटाचा ठसाही साच्यात आणि तिथून तुकड्यावर उतरतो. घासणीचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या प्रत्येक कोस्टरवर तीच रेघ.

धुतल्यावर पालथा ठेवून वाळू द्यावा. टॉवेलनं पुसला तर धागे लागतात. आत पाण्याचा एक थेंब राहिला तर इपॉक्सीत तिथे दुधी ढग दिसतो. पॉलियुरेथेन असेल तर पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुकड्याला फेस येतो.

आपल्याकडे साचा म्हटला की हात आपोआप तुपाकडे जातो. मोदकाच्या साच्याला तुपाचं बोट फिरवल्याशिवाय कळ्या नीट सुटत नाहीत. त्याच सवयीनं लोक रेझिनच्या साच्याला खोबरेल लावतात, व्हॅसलीन लावतात. त्याचा थर तुकड्यावर मळकट पट्ट्यांसारखा उमटतो, आणि व्हॅसलीन तर पेट्रोलियमच्या घराण्यातलं. नव्या चकचकीत साच्याला इपॉक्सीसाठी काहीच लावायला नको. पॉलियुरेथेन ओतत असाल किंवा साचा जरा म्हातारा झाला असेल, तर साच्यांसाठीच बनवलेला रिलीज स्प्रे हलका फवारावा आणि पूर्ण वाळू द्यावा. मॅट तुकडा चालणार असेल तर टाल्कम पावडरचा चिमूटभर भुरका, मग फुंकर. पावडरीमुळे रेझिन कोपऱ्यात शिरतं आणि बुडबुडे कमी अडकतात.

मोदकाचा विषय निघालाच आहे तर हेही: ज्या साच्यात एकदा रेझिन ओतलं तो स्वयंपाकघरात परत जात नाही. चॉकलेटचा सुंदर साचा रेझिनला वापरून मग धुऊन परत ठेवणं हा प्रकार मी दोन घरांत पाहिला आहे. सिलिकॉन वस्तू आत मुरवून घेतं. पटत नसेल तर हळदीनं कायमचा पिवळा झालेला सिलिकॉनचा उलथना आठवावा. जितका धुवावा तितका पिवळाच. जे हळदीचं, तेच अमाइनचं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. भाचीच्या घरी आता रेझिनच्या साच्यांना मागून लाल मार्करनं फुली असते आणि ते वेगळ्या खोलीत राहतात.

ठेवायची जागा सपाट हवी. सिलिकॉन लवचिक असलं तरी महिनोन् महिने वाकून राहिलं तर वाक धरतं. मोठ्या ट्रेचे साचे भिंतीला टेकवून उभे ठेवू नयेत, एकावर एक रचून वर रेझिनचा डबा तर मुळीच नको. कुरिअरमधून गुंडाळून आलेला साचा वाकडा असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, पाच-दहा मिनिटं बुडवून कडप्प्याच्या ओट्यावर पसरून ठेवावा. बहुतेक वेळा सरळ होतो. ओततानाही खाली काच किंवा फरशीचा तुकडा असावा आणि भरलेला साचा त्या तुकड्यासकट उचलावा. नुसता साचा उचलला की तो मध्ये झोळ घेतो आणि कोस्टर बशीसारखं निघतं.

सिलिकॉनवर स्थिर वीज साठते म्हणून धूळ त्याच्याकडे धावत येते. प्रत्येक साचा वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवावा. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. छपाईची शाई तेलकट असते, ती साच्यात उतरते. एका नेमप्लेटच्या साच्याच्या तळाला उलट्या अक्षरांत शेअर बाजाराचे भाव उमटलेले मी पाहिलेत. ते पुढे तीन नेमप्लेटांवर सुलट उमटले.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, मुंबईत आणि गोव्यात, आणखी एक भानगड होते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घट्ट होत असलेल्या इपॉक्सीतल्या अमाइनशी जुळून तुकड्याच्या उघड्या बाजूवर मेणचट थर धरतात. लोकांना वाटतं साच्याचं तेल लागलं आणि ते साचा धुवायला काढतात. साच्याचा त्यात दोष नाही. तो थर पाण्यात विरघळतो. तुकडा कोमट साबणपाण्यानं धुतला की जातो. न धुता त्यावर दुसरा थर ओतला तर मात्र तो थर पापडासारखा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये साच्यांच्या डब्यात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. सिलिका आणि सिलिकॉन एकाच घरातली, दोघांच्या अंगात सिलिकॉन-ऑक्सिजनची तीच जोडी. पण धाकटीला पाणी अजिबात नको आणि थोरलीला कितीही द्या, कमीच.

इतकं करून साचा किती चालतो? पॉलियुरेथेनवाले साधारण ३०-५० तुकड्यांचा हिशोब धरतात. इपॉक्सीला त्याहून जास्त मिळतात, पण चकाकी आधी जाते. दोन ओतण्यांमध्ये साच्याला दिवस-दोन दिवस विसावा दिला तर मुरलेलं थोडं उडून जातं आणि आतलं तेल परत वर येतं. म्हणून दोन साच्यांवर पन्नास घाणे काढण्यापेक्षा चार साचे पाळीपाळीनं वापरावेत. एकूण तुकडे जास्त निघतात.

चकाकी गेली म्हणून साचा फेकायची गरज नाही. मॅट झालेला तुकडा काढून त्यावर वरून रेझिनचा पातळ हात दिला की काचेसारखा होतो. साच्याची कड फाटली तर फेव्हिक्विक वाया घालवू नये. ते सिलिकॉनला धरत नाही. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. न्हाणीघरातल्या फटी बुजवायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट फाटलेल्या भागात बोटानं भरावं, चोवीस तास तसंच ठेवावं. बाहेरच्या कडेला हे उत्तम चालतं. आतल्या दिसणाऱ्या बाजूवर सांधा उमटतोच. अगदी निकामी झालेला प्लॅटिनमवाला साचा बारीक तुकडे करून नव्या साच्याच्या बाहेरच्या जाडीत भर म्हणून घालता येतो. नवं सिलिकॉन जुन्या तुकड्यांना पक्कं धरतं आणि महाग माल वाचतो. तुकडे मास्टरला मात्र टेकू देऊ नयेत.

भाचीच्या त्या चार साच्यांतल्या खुंट्या सीलंटनं बसवायचा प्रयत्न आम्ही केला. दोन टिकल्या तीन घाणे, दोन टिकल्याच नाहीत. शेवटी तिनं उरलेल्या खुंट्याही नेलकटरनं बुडापासून कापून टाकल्या आणि तळ सपाट करून घेतला. आता तुकडा बिनभोकाचा निघतो. पुरे चोवीस तास झाले, की दीड मिलिमीटरच्या हातड्रिलनं ती भोकं पाडते, एका कीचेनला अर्धं मिनिट. त्या साच्यांतून तिनं पुढे आणखी साठेक कीचेन काढली.